उंब्रियात शेतावरच्या स्वस्त घरात आठवडाभर राहायचंय, आई-बाबांना झेपेल का?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात इटलीला जायचं ठरतंय. मी, नवरा आणि माझे आई-बाबा. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस ही धावपळ आम्ही दोघांनी पूर्वी केली आहे, आई-बाबांना तसं पळवायचं नाही. बाबा बँकेतून निवृत्त झाल्यापासून भोरजवळच्या जमिनीच्या तुकड्यात रमलेत. युरोपचं नाव काढल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "तिकडचा शेतकरी काय पिकवतो ते बघायला मिळेल का?" म्हणून त्यांना म्युझियमच्या रांगांत उभं करण्यापेक्षा एकाच शेतावर आठवडाभर राहावं असं डोक्यात आलं, आणि शोधाशोधीत आग्रितुरिस्मो हा प्रकार सापडला.

तस्कानीतले दर बघून डोळे पांढरे झाले. उंब्रियात, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंबेर्तिदे नावाच्या गावाच्या आसपास मात्र दोन खोल्या नाश्त्यासकट दिवसाला दीडशे ते पावणेदोनशे युरोत दिसतायत. एवढं स्वस्त का, ही पहिली शंका. शिवाय फोटोत सगळीकडे तोच पोहण्याचा तलाव, तीच सुरूची झाडं, तोच वाइनचा ग्लास. खरं शेत कुठलं आणि नुसता देखावा कुठला, हे पुण्यात बसून ओळखायचं कसं?

बाकीच्या काळज्या घरगुती आहेत. आईचे गुडघे दुखतात. ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. बाबा इन्सुलिन घेतात, जेवणाची वेळ टळून भागत नाही. नवरा पुण्याच्या रहदारीत रोज गाडी चालवतो, पण डावीकडच्या स्टिअरिंगची त्याला सवय नाही. गाडीशिवाय जमेल का? आणि त्या दिवसांत ऑलिव्हची तोडणी असते म्हणतात, तर बाबांना हात लावू देतील का? कुणी प्रत्यक्ष राहून आलं असेल तर जरा सविस्तर लिहा.

ठाणेकर_अण्णा

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही असंच एक शेतघर घेतलं होतं, तस्कानीत. सात वाजले की किर्र अंधार. दूध आणायचं तरी गाडी काढा. मोबाइलला रेंज मिळवायला अंगणातल्या अंजिराखाली उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी मंडळी एकमेकांवरच खेकसायला लागली. माझं ऐकाल तर पेरुजात, म्हणजे उंब्रियाच्या मुख्य शहरात, स्टेशनजवळ साधं हॉटेल घ्या आणि शेत दिवसाउजेडी बघून या.

कृष्णाकाठ

अण्णा, तुमचं खोटं नाही. पण शेतावर राहायला गेल्यावर अंधाराची तक्रार कुणाकडे करायची? माणसं शेतावर हॉटेल शोधतात आणि मग वैतागतात, असं मला दिसत आलंय.

मी वाळवा तालुक्यातला. कामाला म्युनिकला असतो. सलग सुट्टी मिळाली की आल्प्समधली ब्रेनरची खिंड उतरतो आणि आठ-नऊ तासांत तिबरच्या खोऱ्यात पोचतो. बायकोला समुद्र आवडतो, मला शेत. आमच्या घरात हा वाद मिटलेला नाही.

स्वस्त का, ते आधी सांगतो. उंब्रियाला समुद्र नाही, मोठा विमानतळ नाही आणि तस्कानीसारखं नाव नाही. त्यात तुम्ही हंगाम सरल्यावर जाताय. ऑगस्टच्या मध्याला हीच घरं आठवड्याच्या हिशोबाने, दीडपट दराने जातात. दरात गोम नाही, बिनधास्त घ्या.

आता खरं शेत कसं ओळखायचं. इटलीत आग्रितुरिस्मो ही पाटी कुणीही लावू शकत नाही. १९८५ साली त्यासाठी पहिला राष्ट्रीय कायदा झाला, २००६ साली त्याच्या जागी नवा आला. गाभा तोच राहिला: घर चालवणारा आधी शेतकरी पाहिजे, पाहुणे हे जोडधंद्यात मोडतात, आणि ताटात वाढायचं त्यातलं बरंचसं स्वतःच्या किंवा आसपासच्या शेतातलं पाहिजे. किती खोल्या, किती जेवणं, हे तपशील प्रत्येक प्रांत आपापला ठरवतो. उंब्रियात 'कंट्री हाऊस' नावाचा वेगळा परवानाही आहे. त्याला शेतीची अट नाही. फोटो हुबेहूब तसेच, घरही तसंच दगडी, पण मागे एक गुंठाही पिकत नसेल. बुकिंगच्या साइटवर दोन्ही एकाच यादीत येतात. तुमच्या बाबांसाठी पहिलाच प्रकार हवा, म्हणून पाटी नीट वाचा. सूर्यफुलांच्या संख्येवर जाऊ नका. एक ते पाच सूर्यफुलं ही सोयींची प्रतवारी आहे. दोन सूर्यफुलांच्या घरी मी जे खाल्लं, ते पाचवाल्याकडे मिळालं नाही.

माझी युक्ती साधी आहे. मालकाला मेल टाकून एकच विचारायचं: आम्ही येऊ त्या आठवड्यात तुमच्या शेतात काय काम चालू असेल? शेतकरी असेल तर तो थांबता थांबत नाही. नसेल तर तलावाचा फोटो पाठवतो. आणि जाहिरातीत सिन नावाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक आहे का ते बघा. २०२५ पासून पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला तो सक्तीचा आहे. नसेल तर पुढे जा.

गुडघ्यांचा प्रश्न या घरांत खरा आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. ही घरं मालकांनी राहायला बांधलेलीच नव्हती. उंब्रिया आणि तस्कानीत शेकडो वर्षं जमीन अर्धेलीने कसली जायची, मेद्झाद्रिया म्हणतात त्याला. जमीनदार शहरात, कूळ सगळ्या खटल्यासकट शेतावर, पीक निम्मं-निम्मं. घराची रचनाही त्याच हिशोबाची: खाली बैलांचा गोठा आणि अवजारं, वर माणसं, म्हणजे थंडीत जनावरांची ऊब वर येते. वर जायला बाहेरून दगडी जिना. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद केले, पण कुळं त्याआधीपासूनच कारखान्यांकडे निघाली होती. घरं ओस पडली, छपरं खचली. पुढे पाहुण्यांच्या कायद्याने त्यातली काही परत उभी राहिली. आपल्याकडे कूळकायद्याने जमीन कुळाच्या नावावर झाली, तिकडे बऱ्याच ठिकाणी कूळच निघून गेलं. बाबांना हे आधी सांगून ठेवा, घर बघताना डोळे वेगळे होतात.

तर मुद्दा असा की तुम्हाला मिळणारी चांगली खोली बहुधा वर असते आणि जिना उघड्यावरचा. पावसात दगड निसरडा होतो. आईंसाठी तळमजलाच मागा, तसं लेखी घ्या. तळमजला म्हणजे जुना गोठा. कमान बुटकी, भिंती दोन-दोन फुटी, खिडकी लहान. उन्हाळ्यात तिथे स्वर्ग, ऑक्टोबरअखेर ओल. त्यामुळे दुसरा प्रश्न, हीटिंग भाड्यात धरलंय का? अनेक ठिकाणी गॅसच्या मीटरवर वेगळं लावतात, किंवा जळाऊ लाकडाच्या टोपलीमागे पैसे घेतात. हे कळलं नाही तर निघताना तोंडं वाकडी होतात. आणि दगडी भिंतींत छोटे काळे विंचू असतात. आपल्या विंचवासारखा जहाल नाही, गांधीलमाशी चावल्याइतकं समजा. तरी बूट झटकून घालायची गावाकडची सवय तिथे उपयोगी पडते.

वीज. साध्या घरगुती जोडणीला तीन किलोवॅट मिळतात. ओव्हन, केटल आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की खटका पडतो. तो मीटर कुठे असतो? बहुतेकदा फाटकापाशी, शंभर पावलांवर, अंधारात. पोचल्याबरोबर जागा बघून ठेवायची.

शिकार! हे कुणीच सांगत नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी हंगाम सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. भल्या पहाटे डोंगरात बंदुका वाजायला लागल्या की पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. रानडुकराच्या मागे कुत्री आणि भगव्या जाकिटांतले बाप्ये फिरत असतात. पण मंगळवारी आणि शुक्रवारी देशभर शिकार बंद असते, कायदाच आहे तसा. रानातून फिरायचं ते या दोन दिवशी.

पोहण्याचा तलाव विसरा. सप्टेंबरनंतर त्यावर ताडपत्री.

गाडीशिवाय? नाही जमणार. उंबेर्तिदेला पेरुजाकडून छोटी रेल्वे येते, पण शेत तिथून डोंगरात पाच-सात किलोमीटर, शेवटचे दोन-तीन कच्चे. मालक एकदा आणायला येईल, रोज येणार नाही. इथे अण्णांचं पटतं: गाडी घ्यायचीच नसेल तर शेतघर घेऊच नका. जावईबापूंना सांगा, दोन तासांत सवय होते. अवघड जातं ते चौकातल्या गोल फेऱ्यात, तिथे आतल्या गाडीला वाट द्यायची. परवाना आरटीओकडून आंतरराष्ट्रीय करून घ्या, मूळ परवानाही बरोबर ठेवा. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं पाहिजे, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतात. ऑटोमॅटिक गाडी महाग आणि कमी मिळते, आधी सांगून ठेवा. गावाबाहेर दिवसाही दिवे लावायचे. खोऱ्यातून जाणारा ई-४५ हा रस्ता टोल नसलेला आणि खड्ड्यांसाठी प्रसिद्ध, तेव्हा घरच्यासारखं वाटेल. जुन्या गावांच्या वेशीवर 'झेड-टी-एल' (बाहेरच्या गाड्यांना बंदी) अशी लाल वर्तुळाची पाटी दिसली की आत घुसायचं नाही. कॅमेरा असतो, दंड महिन्यांनी घरी येतो, आणि भाड्याची कंपनी आपला आकार वर लावते. पेरुजाला जाताना गाडी खाली पियान दि मास्सियानोला ठेवून मिनीमेट्रोने वर जा. पुढे शहराच्या पोटातून सरकते जिने आहेत, आईंना चढ लागणार नाही.

पहिल्या दिवशी मात्र उजेडात पोचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि मग पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. कच्च्या रस्त्यावर नकाशातला ठिपका नेहमी खरा नसतो, मालकाकडून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश मागवून घ्या.

मृण्मयी_कोथरूड

बाप रे, एवढं सविस्तर! मनापासून धन्यवाद, कृष्णाकाठदादा. बाबांना वाचून दाखवलं. अर्धेलीच्या भागावर ते तासभर बोलत होते, आजोबांच्या वेळचे सगळे खंडाचे हिशोब निघाले. आता त्यांना ऑलिव्हशिवाय खोऱ्यात आणखी काय पिकतं ते हवंय.

आईचा प्रश्न तसाच आहे. "आठ दिवस ब्रेड आणि टोमॅटो खाऊन राहीन, पण तुम्ही माझ्यापायी अडू नका," असं म्हणते. म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल.

नागपूरच्या_सुलभाकाकू

मृण्मयी, आईला सांग, ब्रेड-टोमॅटोवर राहायची वेळ येणार नाही. माझी मुलगी बोलोन्याला असते, तिच्याबरोबर मी उंब्रियात राहून आले. मी कांदा-लसूण खाते, मांस-मासे-अंडं काही नाही.

तिथलं जेवण गरीब शेतकऱ्यांचं, म्हणून डाळी-कडधान्यं भरपूर. कास्तेल्लुच्चोची मसूर अगदी बारीक, न भिजवता शिजते. त्रासिमेनो तळ्याकाठची फाजोलीना म्हणून तांदळाएवढी चवळी असते. आणि एका घरी चिचेर्क्याचं सूप समोर आलं, चव घेतली तर आपली लाखोळी! विदर्भातल्या माणसाला पत्ता सांगावा लागत नाही. मी मालकिणीला खुणा करकरून सांगितलं की आमच्याकडे याचे वडे करतात. तिला काय कळलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी तिने वाटीभर कच्ची डाळ आणून दिली.

अंड्याचं असं आहे. बोलोन्याकडे ताज्या पास्त्यात अंडं असतंच. उंब्रियातला हाताने वळलेला जाड पास्ता, उंब्रिचेल्ली, तो मात्र परंपरेने नुसत्या पिठापाण्याचा. स्त्रांगोत्सीही बहुतेक तसाच. तरी "सेन्झा उओवा" म्हणून खात्री करायची. तालियातेल्ले हा अंड्याचा पास्ता, त्याला हात लावू नये. तोर्ता अल तेस्तो म्हणजे तव्यावर भाजलेली जाड भाकरीच, फक्त गव्हाची आणि सोडा घातलेली. मधून चिरून त्यात लसूण-तेलावर परतलेली रानभाजी भरतात. मी तर रोज तेच खाल्लं. पण काही जण पिठात डुकराची चरबी घालतात, म्हणून "सेन्झा स्त्रुत्तो" हे शब्द आईकडून पाठ करून घे. सूपच्या फोडणीतही डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. त्यांच्या लेखी ते मांस नव्हेच, चवीपुरतं असतं! म्हणून नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही. मांस नको, मासे नको, मांसाचं पाणी नको, चरबी नको, अंडं नको, असं पाच ओळीत इटालियनमध्ये लिहून बुकिंगच्या वेळीच पाठव. स्वयंपाक घरचा असतो, आधी कळलं तर आनंदाने करतात, आयत्या वेळी सांगितलं तर गोंधळतात. जुन्या चीजमध्ये वासराचं रेनेट (त्याच्या पोटातून काढलेलं विरजण) असतं, पार्मेजानोमध्ये तर नेहमीच. आईला ते चालत नसेल तर "सेन्झा फोर्माज्जो" सहावी ओळ.

पावात मीठ नसतं. पोपने सोळाव्या शतकात मिठावर कर वाढवला म्हणून पेरुजावाल्यांनी मीठच सोडलं, अशी गोष्ट तिथे प्रत्येक जण सांगतो. मिठासाठीची लढाई १५४० मध्ये झाली हे खरं, पावाचं काही सांगता येत नाही. मेतकूट, लोणचं बरोबर ने, त्या पावाबरोबर छान लागतं.

बाबांसाठी: रात्रीचं जेवण आठाशिवाय नाही, आणि दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद ते संध्याकाळपर्यंत. नाश्ताही गोडच, केक आणि जॅम. म्हणून नाश्त्याची खोली घेण्याऐवजी स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घे. बेसन तिथल्या सुपरमार्केटात मिळतं, फारिना दि चेची नावाने. मी पिठलं केलं होतं. कोथिंबीर मात्र सापडत नाही. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट.

आणि एक, लाजायचं कशाला, इटलीत घरोघरी बिडे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुवायचं भांडं, असतो. १९७५ पासून घरात एक तरी असलाच पाहिजे असा तिकडे नियम आहे. ही आईची काळजी तू लिहिली नाहीस, पण असणार.

कृष्णाकाठ

काकू, बिड्याचं बरं झालं तुम्ही लिहिलंत, माझ्या लक्षात नव्हतं. स्वयंपाकघराचं घर घ्यावं हे शंभर टक्के, पण मृण्मयीताई, आठवड्यातून दोन-तीन रात्री तरी मालकाच्या टेबलावर जेवा. माणशी तीसेक युरो जातील. खर्च तिथे करा, नाश्त्याचे वाचवा.

बाबांचं पीक: तंबाखू! माझं आजोळ निपाणीकडचं, त्यामुळे पहिल्यांदा चित्ता दि कास्तेल्लोच्या रस्त्यावर ते शेत बघून मी गाडीच थांबवली. खोऱ्यात तिबरच्या पाण्यावर तंबाखू, मका, सूर्यफूल, उतारावर ऑलिव्ह, वर ओक आणि चेस्टनटचं रान. यातली केंटकी जातीची पानं लाकडाच्या धुरावर वाळवतात, तस्कानी सिगारला तीच लागतात. तुम्ही जाल तेव्हा शेतात खुंट राहिलेले असतील, पण वाळवणीचा वास काही ठिकाणी येतो. चित्ता दि कास्तेल्लोत तंबाखू वाळवायच्या जुन्या प्रचंड शेडमध्ये आल्बेर्तो बुर्री या तिथल्याच चित्रकाराचं संग्रहालय आहे. मला चित्रातलं फारसं कळत नाही. शेड मात्र बघण्यासारख्या आहेत, काळ्या रंगवलेल्या. बाबांना म्युझियम नको असलं तरी हे चालेल.

ऑलिव्ह. तोडणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सुरू होते, नोव्हेंबरभर चालते. झाडाखाली जाळी पसरायची आणि बॅटरीवरच्या थरथरत्या फणीने फांद्या विंचरायच्या. माल शक्यतो चोवीस तासांत घाण्यावर जायला पाहिजे, नाहीतर तेलाचा आंबूसपणा वाढतो. शंभर किलोला तेल निघतं साधारण बारा ते पंधरा किलो. बाबांनी हात लावण्याबद्दल: बघू देतील, पोती उचलायला उठलात तर अडवतील. नोंदणी नसलेल्या माणसाला कामाला लावलं असं तपासणीत दिसलं तर मालकाला दंड बसतो, म्हणून काही जण पाहुण्यांना साफ नाही म्हणतात. आग्रह करू नका. त्यापेक्षा घाण्यावर न्या म्हणावं. रात्री उशिरापर्यंत चालू असतो, सगळं गाव आपापला नंबर लावून गप्पा मारत बसलेलं असतं, आणि कोपऱ्यात निखाऱ्यावर पाव भाजून त्यावर ताजं तेल ओतून देतात. हिरवंगार, कडू, घशात ठसका. पाच लिटरचा डबा घेऊन या, सामानात द्यावा लागेल.

आता जे सांगायलाच पाहिजे ते. उंबेर्तिदेपासून दहाएक किलोमीटरवर टेकडीवर मोंतोने नावाचं तटबंदीचं छोटं गाव आहे. त्या खोऱ्यात १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले. माणगाव तालुक्यातले, वय बावीस. मशीनगनच्या गोळ्यांत त्यांच्या तुकडीतला एकेक जण पडल्यावर ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग दुसरीकडून लपून मारलेल्या गोळ्या त्यांना लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेवाल्यांनी त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. गाडी खालच्या वाहनतळावर ठेवून चालत जायचं, चढ आहे, आईंना सावकाश न्या. आमच्या मालकाला मी महाराष्ट्रातला आहे हे कळल्यावर त्याने पहिला प्रश्न घाडग्यांबद्दल विचारला होता, आणि मला त्यांचं गाव नेमकं कुठे ते नकाशात शोधून दाखवावं लागलं. वेळ असेल तर अरेत्सोची युद्धस्मशानभूमीही करा, तासाभराचा रस्ता. तिथे दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे.

पासपोर्ट पहिल्याच संध्याकाळी मागतील, घाबरू नका. चोवीस तासांत पोलिसांच्या यंत्रणेत पाहुण्यांची नोंद करावी लागते. मुक्कामाचा कर माणशी रोज एक-दोन युरो, तो वेगळा, बहुतेक ठिकाणी रोख. व्हिसासाठी बुकिंग दाखवावं लागेल, तेव्हा ठरावीक तारखेपर्यंत रद्द करता येणारंच घ्या.

मृण्मयी_कोथरूड

सगळ्यांना धन्यवाद. अण्णा, तुमचं ऐकून शेवटच्या दोन रात्री पेरुजात ठेवल्या आहेत.

"काय काम चालू असेल" ही मेल तीन ठिकाणी टाकली. दोघांनी खरंच तलावाचे फोटो पाठवले. तिसऱ्याने लिहिलं, ऑलिव्ह चालू असतील, त्यामुळे पाचच्या आत येऊ नका, घरी कुणी नसेल. तळमजला आहे, स्वयंपाकघर आहे, लाकडाचे पैसे वेगळे. काकूंच्या सहाच्या सहा ओळींना त्याच्या आईने "ठीक आहे" असं कळवलंय. मात्र आगाऊ रक्कम बँकेतून पाठवा म्हणतोय, कार्ड घेत नाही. हे नेहमीचं आहे का?

कृष्णाकाठ

नेहमीचं आहे. तीस टक्क्यांपर्यंत मागतात. खातं शेताच्या किंवा परवानाधारकाच्या नावावर आहे का बघा, खाते क्रमांक इटलीचा पाहिजे. आणि पाचच्या आत येऊ नका म्हणाला असला तरी साडेचारला फाटकाशी जाऊन थांबा. अंधारात तो कच्चा रस्ता नको.